रिओहाची रेड वाइन: बाटली निवडण्यापासून ग्लासात ओतण्यापर्यंत

स्पॅनिश रेड वाइनची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात रिओहापासून करावी. बहुतेक ठिकाणी चांगली रेड वाइन कोवळी असतानाच विकतात आणि ती मुरवायचं काम घेणाऱ्यावर सोडतात. रिओहात हे काम वाइन बनवणारं घराणं स्वतः करतं. बाटली पिण्याजोगी झाली की मगच ती बाहेर पडते. त्यामुळे घरी तळघर नसलेल्या नवख्या माणसालाही दहा-बारा वर्षं मुरलेली वाइन दुकानातून आणून त्याच आठवड्यात उघडता येते.

मात्र एक गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवायला हवी. लेबलवर वाइन किमान किती काळ मुरवली एवढंच कळतं. तो काळ नव्या पिंपात गेला की जुन्या, नियमापुरता ठेवला की त्याच्या तिप्पट, हे लेबल सांगत नाही. ते घराण्यावर ठरतं. म्हणून बाटली हातात घेण्याआधी प्रदेश आणि एका कुटुंबाच्या कामाची पद्धत नीट पाहू.

प्रदेश आणि द्राक्षं

रिओहा स्पेनच्या उत्तरेला, एब्रो नदीच्या खोऱ्यात आहे. उत्तरेकडची सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग समुद्रावरून येणारा गार, ओला वारा अडवते, म्हणून खोऱ्यात द्राक्ष नीट पिकतं. प्रदेशाचे तीन भाग आहेत. पश्चिमेला रिओहा आल्ता, नदीच्या उत्तर काठाला बास्क प्रांतात रिओहा आलावेसा आणि पूर्वेला रिओहा ओरिएंताल. पहिले दोन भाग उंचावर आणि गार आहेत, तिथल्या वाइनला आंबटपणा चांगला असतो आणि ती दीर्घकाळ टिकते. पूर्वेचा भाग उष्ण आणि कोरडा, तिथे गार्नाचा हे द्राक्ष जास्त.

मुख्य द्राक्ष तेम्प्रानीयो. रंग, मध्यम तुरटपणा, लाल फळांचा वास हे सगळं त्याच्याकडून येतं. गार्नाचा भरीवपणा देतं, ग्रासियानो आंबटपणा आणि सुगंध, मासुएलो रंग आणि तुरटपणा. पारंपरिक रिओहा या चारांच्या मिश्रणातूनच बनते. एकाच द्राक्षाची वाइन श्रेष्ठ असते असा समज असेल तर तो इथे बाजूला ठेवावा.

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना तिथलं चक्र वेगळं वाटेल. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. रिओहात हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, छाटणी वर्षातून एकदाच होते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जुन्या बागांत मांडव नाही, तारा नाहीत, वेल झुडपासारखा जमिनीलगत वाढवलेला असतो. उत्पादनावर कायद्याने मर्यादा आहे. लाल द्राक्षांसाठी हेक्टरी ६,५०० किलो, म्हणजे एकरी साधारण २,६०० किलो. खाण्याच्या द्राक्षांत आपल्याकडे एकरी आठ-दहा टन काढतात, हे लक्षात घेतलं तर ही मर्यादा किती कडक आहे ते कळतं. वेलावर घड कमी ठेवले की मण्यांत साखर, रंग आणि चव दाट होते.

एक घराणं: लोपेस दे एरेदिया

रिओहा आल्तामधलं मुख्य गाव आरो. लेबलवर त्याच्या सुरुवातीला ‘ह’ दिसतो, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार होत नाही. १८६३ मध्ये आरोला रेल्वे आली आणि बिल्बाओ बंदराशी गाव जोडलं गेलं. त्याच सुमाराला फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली होती. फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात रिओहात उतरले. बोर्दोची पद्धत, म्हणजे २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन मुरवणं, थोडी आधीच मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल या बोदेगांमधून, म्हणजे वाइन बनवणाऱ्या घराण्यांच्या कारखान्यांमधून, इथे रुजू लागली होती. आता तिला गिऱ्हाईकही मिळालं. पिंपं थेट वॅगनवर चढवता यावीत म्हणून आरोच्या स्टेशनभोवती एकामागोमाग एक बोदेगा उभ्या राहिल्या. कीड शेवटी १८९९ मध्ये रिओहातही पोचली. मग इथल्या बागाही अमेरिकन खुंटावर कलमं बांधून नव्याने लावाव्या लागल्या.

स्टेशनच्या वस्तीत १८७७ मध्ये राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी सुरू केलेली बोदेगा आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि सध्या चौथी पिढी ती चालवते. त्यांची सर्वांत नावाजलेली बाग विन्या तोंदोनिया. एब्रो नदीच्या वळणात, शंभर हेक्टरांहून मोठी, १९१३-१४ मध्ये लावलेली. बोस्कोनिया, कुबीयो आणि साकोनिया या त्यांच्या बाकीच्या बागा. चारही वाइन स्वतःच्याच द्राक्षांच्या.

त्यांचं काम पाहिलं की पारंपरिक रिओहा म्हणजे काय ते समजतं. तोडणी हाताने होते. रस लाकडाच्या उंच टाक्यांमध्ये आंबतो, यीस्ट बागेतून आणि तळघरातून आलेलं. त्यानंतर वाइन २२५ लिटरच्या पिंपात जाते. एका पिंपातून साधारण ३०० बाटल्या निघतात. पिंपं अमेरिकन ओकची. लाकूड आणून उघड्यावर वाळवतात आणि बोदेगाच्याच सुतारशाळेत पिंपं बांधतात, तिथेच दुरुस्तही करतात. बहुतेक पिंपं जुनी असतात आणि ती मुद्दाम जुनी ठेवलेली असतात. नवं लाकूड वाइनला व्हॅनिला, नारळ, भाजकेपणा देतं. जुन्या लाकडात तो अर्क उरत नाही, फक्त त्याच्या छिद्रांतून हवा अगदी सावकाश आत जात राहते. त्या थेंबाथेंबाच्या हवेने तुरटपणा मऊ होतो, रंग जांभळ्यावरून विटकरीकडे झुकतो आणि ताज्या फळाच्या जागी सुकं अंजीर, चामडं, तंबाखूचं पान असे वास येऊ लागतात. ओकचा वास जितका जास्त तितकी वाइन भारी, असं समजणाऱ्याने तोंदोनियाचा एक ग्लास घेऊन पाहावा.

साधारण दर सहा महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात. तळाशी बसलेला गाळ मागे राहायला हवा, म्हणून धारेजवळ उजेड धरून पाहतात आणि धार गढूळ व्हायला लागली की त्याच क्षणी थांबतात. आरोच्या काही बोदेगांमध्ये हे काम अजून मेणबत्तीच्या उजेडात होतं. बाटलीत भरण्याआधी वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालतात, पिंपामागे साधारण तीन ते सहा अंड्यांचा. बलकातली प्रथिनं जास्तीचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, धरून तळाला बसतात आणि वाइन वरून अलगद काढून घेतात. शाकाहारी वाचकांनी हे जाणून असावं. युरोपात अंड्याचा अंश वाइनमध्ये आढळला तर लेबलवर तसं लिहावं लागतं, पण अंश उरला नसेल तर लिहिण्याची सक्ती नाही. अंडं अजिबात नको असेल तर ‘व्हेगन’ असं स्पष्ट लिहिलेली बाटलीच घ्यावी.

या घराच्या तळघरांत बाटल्यांच्या राशींवर कोळ्यांची जाळी लोंबतात आणि ती कुणी काढत नाही. बुचात अंडी घालणारा एक बारीक पतंग असतो, कोळी त्याला खातात.

आता आकडे पाहा. मुरवण्याच्या काळाप्रमाणे रिओहाचे चढते वर्ग आहेत: क्रिआन्सा, रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वा. कायद्याप्रमाणे क्रिआन्सा एक वर्ष पिंपात ठेवली तरी पुरते, या घरात विन्या कुबीयो तीन वर्षं राहते. रेसेर्वाला एक वर्ष पुरतं, तोंदोनिया रेसेर्वा सहा वर्षं राहते. ग्रान रेसेर्वाला दोन पुरतात, इथे ती सुमारे दहा वर्षं पिंपात असते आणि तीही निवडक वर्षांचीच बनते. एवढा माल दहा-दहा वर्षं अडकवून ठेवणं दर तिमाहीला नफा दाखवणाऱ्या कंपनीला जड जातं. आजोबांनी भरलेल्या बाटल्या नातवंडं विकतात, अशा घरालाच ते परवडतं.

पायरी १: मागचं लेबल आधी वाचा

समोरच्या लेबलवरच्या चित्रावरून, मुकुटावरून किंवा ‘मार्केस’ या उपाधीवरून काही ठरवू नका. बाटली फिरवा. रिओहाच्या प्रत्येक खऱ्या बाटलीवर नियामक मंडळाचा क्रमांक घातलेला छोटा शिक्का असतो. हा दर्जा १९२५ पासून जपला जातो आणि १९९१ मध्ये स्पेनमधला सर्वांत वरचा ‘कालिफिकादा’ दर्जा सर्वांत आधी रिओहालाच मिळाला.

शिक्क्याच्या रंगावरून वर्ग कळतो. हिरवा म्हणजे सर्वसाधारण, मुरवण्याची अट नाही. लाल म्हणजे क्रिआन्सा: एकूण किमान दोन वर्षं, त्यांतलं एक पिंपात. गडद मरून म्हणजे रेसेर्वा: एकूण तीन वर्षं, किमान एक पिंपात आणि सहा महिने बाटलीत. निळा म्हणजे ग्रान रेसेर्वा: एकूण पाच वर्षं, किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत.

हिरव्याला कमी लेखू नका. पिंपाच्या नियमात न बसणाऱ्या, पण एखाद्या बागेतून फार काळजीने बनवलेल्या महागड्या वाइनवरही हाच शिक्का असतो. २०१७ पासून ‘विन्येदो सिंगुलार’ नावाचा वेगळा उल्लेख आला आहे. त्यासाठी वेल किमान ३५ वर्षांचे, तोडणी हाताने आणि उत्पादन हेक्टरी ५,००० किलोंच्या आत लागतं. तो पिंपाचा काळ सांगत नाही, जमीन सांगतो.

मग ‘कोसेचा’ या शब्दाशेजारचं वर्ष पाहा. ते द्राक्ष तोडल्याचं वर्ष. २००१, २००४, २००५, २०१० आणि २०११ ही वर्षं मंडळाने ‘एक्सेलेंते’, म्हणजे उत्कृष्ट, ठरवलेली आहेत. ग्रान रेसेर्वा घेताना वर्षाला वजन द्यावं. क्रिआन्साच्या बाबतीत वर्ष फारसं महत्त्वाचं नाही, तिथे बनवणाऱ्याचं नाव पाहावं.

पायरी २: कुठल्या क्रमाने चाखायची

पहिलीच बाटली ग्रान रेसेर्वा घेऊ नये. तिच्यातले वास सौम्य, सुकलेल्या फळांचे आणि पाचोळ्याचे असतात. फळांच्या भरघोस चवीची अपेक्षा ठेवून आलेल्या माणसाला ती फिकी वाटते आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

चार-पाच जण मिळून एकाच बोदेगाच्या क्रिआन्सा आणि रेसेर्वा शेजारीशेजारी उघडा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग पाहा. क्रिआन्साची कड अजून लालसर-जांभळी दिसेल, रेसेर्वाची विटकरी होऊ लागलेली असेल. एक घोट घेऊन तो हिरड्यांवर फिरवा. क्रिआन्सा जरा ओढते, रेसेर्वा मऊ लागते. हा फरक जिभेवर बसला की पुढच्या बैठकीत दोन वेगवेगळ्या घराण्यांची रेसेर्वा समोरासमोर ठेवा. एक जुन्या अमेरिकन ओकमधली, एक नव्या फ्रेंच ओकमधली. पहिली पातळ, आंबटगोड आणि सुवासिक, दुसरी गडद, दाट, किंचित भाजकी. दोन्ही बाटल्यांवर मरून शिक्का आणि रेसेर्वा हाच शब्द असेल, आणि दोन्ही वाइन एकमेकींच्या जवळपासही नसतील. रिओहा कळायला लागते ती इथून.

एका बाटलीत ७५० मिली, म्हणजे १२५ मिलीचे सहा ग्लास. चाखण्यापुरतं घ्यायचं असेल तर ५० मिली पुष्कळ.

पायरी ३: घरी ठेवणं

वाइनला १२ ते १४ अंश, अंधार, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि शांतता लागते. महाराष्ट्रातल्या घरात एप्रिल-मेमध्ये बंद कपाटाचं तापमान ३५ अंशांपर्यंत जातं. तिथे चांगली रेसेर्वा दोन महिन्यांत बिघडते. उष्णतेने वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेने थेंब झिरपतात आणि त्याच वाटेने हवा आत जाते. दुकानातही हेच पाहायचं. काचेच्या दर्शनी कपाटात दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, आतल्या थंड खोलीतली मागा. बूच काठाच्या वर आलेलं असेल किंवा आवरणाखाली चिकट डाग असेल तर ती बाटली परत ठेवा.

वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, आडवी ठेवा. फ्रिजमधली हवा कोरडी असते, त्यामुळे वर्षानुवर्षं नाही, पण काही महिने चालतं. उन्हाळ्यातल्या कपाटापेक्षा हे कितीतरी बरं. बाटली आडवी ठेवायची कारण बूच ओलं राहायला हवं. सुकलं की आकसतं आणि हवा आत शिरते.

पायरी ४: तापमान

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा. मुंबईच्या ३० अंशांत दिलेली रिओहा अल्कोहोलने झणझणते आणि बाकी काही कळत नाही. क्रिआन्सा १४ ते १६ अंशांना, रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वा १६ ते १८ अंशांना प्यावी.

३० अंशांची बाटली साध्या फ्रिजमध्ये साधारण सव्वा तासात १७ च्या आसपास येते. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून मानेपर्यंत बुडवा, १०-१२ मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण खड्यांमधल्या फटींत हवा असते आणि बाटलीला थंडावा पोचत नाही. फ्रिजमध्येच ठेवलेली असेल तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. आपल्या हवेत ग्लास भराभर तापतो, म्हणून हव्या त्या तापमानापेक्षा दोन अंश थंडच ओतावी. थर्मामीटर नसेल तर बाटलीला हात लावून पाहा. गार लागावी, पण बाहेरून पाणी सुटलेलं नसावं.

पायरी ५: उघडणं

दहा वर्षांपलीकडची बाटली असेल तर उघडण्याआधी एक-दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाला बसेल. अनेक जुन्या घराण्यांच्या बाटल्यांवर सोनेरी तारेची जाळी असते. एके काळी रिकामी बाटली गोळा करून तीत भलतीच वाइन भरून विकत, ते थांबवायला ही जाळी आली. आता ती शोभेपुरती उरली आहे. मानेपाशी कात्रीने कापून मोकळी करा.

तोंडाभोवतीचं आवरण ओठाच्या खालच्या कडेवरून कापा. वरून कापलं तर वाइन धातूवरून किंवा प्लास्टिकवरून ओतली जाते. वर लाख लावलेली असेल तर ती ठोकून फोडू नका. स्क्रू सरळ लाखेतून बुचात घाला, बूच अर्धं वर आणा, लाखेचे तुकडे कपड्याने पुसा आणि मग उरलेलं काढा.

नव्या बाटलीला दोन टप्प्यांचा वेटर-स्क्रू सर्वांत चांगला. टोक बुचाच्या मधोमध ठेवा, सरळ उभं फिरवा, शेवटचा वेढा बाहेर राहू द्या. पूर्ण आत घातलं तर बुचाच्या खालून भुसा वाइनमध्ये पडतो. पहिल्या टप्प्यावर अर्धं, दुसऱ्यावर उरलेलं, शेवटचा अर्धा सेंटिमीटर हाताने हलवत काढा.

वीस-तीस वर्षांच्या बाटलीचं बूच भिजून मऊ झालेलं असतं. स्क्रूने ते मधोमध तुटतं. त्यासाठी दोन पात्यांचं साधन मिळतं. लांब पातं आधी बूच आणि काचेच्या मध्ये घाला, मग आखूड, दोन्ही आळीपाळीने डुलवत खाली न्या आणि गोल फिरवत वर ओढा. फिरवण्याआधी ओढलं तर पाती नुसतीच निघून येतात, खाली दाबताना जोर केला तर बूच आत पडतं. आत पडलंच तर घाबरू नका. वाइन बारीक चहागाळणीतून किंवा धुतलेल्या मलमलीतून दुसऱ्या भांड्यात गाळा, ती बिघडत नाही.

पायरी ६: ओतणं

क्रिआन्सा आणि कोवळी रेसेर्वा अर्धा ते एक तास रुंद भांड्यात काढून ठेवली तर खुलते. दहा-पंधरा वर्षांच्या पारंपरिक रेसेर्वालाही अर्धा तास मानवतो. फार जुनी ग्रान रेसेर्वा मात्र पिण्याच्या क्षणीच गाळापासून वेगळी करावी. तिने पिंपात आणि बाटलीत पुरेशी हवा घेतलेली असते. तासभर उघडी ठेवली तर उरलेला नाजूक वास उडून जातो.

गाळ वेगळा करताना मानेमागे मोबाइलचा दिवा धरा. न थांबता, न हिसकता एका धारेत ओता. मानेत करड्या धाग्यासारखा गाळ सरकताना दिसला की थांबा. अर्धा कप वाइन बाटलीत राहील, तिचा मोह धरू नका, कडवट असते. ती मटणाच्या रश्शात घालता येते.

ग्लास मोठा, वर किंचित निमुळता हवा. एक तृतीयांश भरा. वर मोकळी जागा राहिली नाही तर वास साठायला जागाच उरत नाही.

पायरी ७: बिघडलेली वाइन ओळखणं

नवख्यांची इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. चांगली जुनी वाइन बिघडली म्हणून ओतून देतात आणि खरोखर बिघडलेली ‘अशीच असेल’ म्हणून पितात.

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास आला तर बुचाचा दोष. टीसीए नावाचं रसायन बुचातून उतरलेलं असतं. तब्येतीला अपाय नाही, पण फळाचा वास मरतो आणि हवा देऊन तो परत येत नाही, उलट पुठ्ठ्याचा वास वाढतो. बाटली दुकानाला किंवा हॉटेलला परत करावी. नेलपॉलिशचा किंवा शिरक्याचा वास जिवाणूंच्या कामाचा. किंचित असेल तर जुन्या शैलीत चालतो, घशाला टोचायला लागला की दोषच. उकडलेल्या फळांचा, मोरंब्यासारखा वास आणि सपाट चव म्हणजे बाटली कुठेतरी तापली. कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास, निस्तेज तपकिरी रंग म्हणजे हवा शिरली. तबेल्याचा, घामट खोगिराचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. थोडा असला तर काहींना आवडतो.

विटकरी कड, चामड्याचा, सुक्या पानांचा, मशरूमचा वास, तळाचा गाळ आणि बुचाच्या खालच्या टोकाला चिकटलेले चमकदार खडे हे दोष नाहीत. खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, द्राक्षातूनच आलेले. जुनी बाटली उघडल्या उघडल्या कोंदट वास आला तर दहा मिनिटं थांबा. कोंदटपणा हवेने जातो, बुचाचा दोष जात नाही. शंका असेल तर हीच परीक्षा करा.

बरोबर काय खायचं

रिओहात वेलाच्या छाटलेल्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या आणि चोरिसो हे मसालेदार सॉसेज घातलेली बटाट्याची भाजी या वाइनबरोबर खातात. आपल्या ताटातलं कमी तिखटाचं सुकं मटण, खिमा, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि मशरूम हे सगळं जमतं. तांबड्या रश्शाबरोबर घेऊ नका. मिरचीने अल्कोहोल अधिक जाळतं, तुरटपणा अधिक ओढतो आणि दहा वर्षांची मेहनत एका घासात झाकली जाते.

उरलेली क्रिआन्सा बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. छोट्या बाटलीत काठोकाठ भरली तर आणखी एखाददोन दिवस. जुनी ग्रान रेसेर्वा त्याच दिवशी संपवावी.

आरोला जायचं असेल तर

बिल्बाओच्या विमानतळावरून आरो साधारण शंभर किलोमीटर, लोग्रोन्योहून पंचेचाळीस. स्टेशनच्या वस्तीत लोपेस दे एरेदियाशिवाय १८७९ ची कुने, १८९० ची ला रिओहा आल्ता आणि मुगा या बोदेगा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुगा १९३२ मध्ये सुरू झाली, कुटुंबाचीच आहे आणि पिंपं आजही स्वतः बांधते. कारागिरांना काम करताना पाहायचं असेल तर भेटीच्या माहितीत सुतारशाळा आहे का ते आधी विचारा.

भेट आगाऊ आरक्षित करावी लागते. एका दिवसात दोनपेक्षा जास्त बोदेगा ठेवू नका, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही. दुपारी जेवणाच्या वेळेत दारं बंद असतात. तळघरात १२ अंश असतात, जुलैतही जॅकेट न्या. चाखून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाही अपमान नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने वापरलंच पाहिजे. लोपेस दे एरेदियाच्या अंगणात वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेलं, २००६ मध्ये उघडलेलं विक्रीदालन आहे. १९१० च्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी बनवलेला घराण्याचा जुना लाकडी मंडप त्याच्या आत जपून ठेवला आहे. २९ जूनला, संत पेद्रोच्या दिवशी, गावाबाहेरच्या बिलिबियो कड्यांपाशी लोक एकमेकांना वाइनने भिजवतात. त्या दिवसांत राहायची सोय फार आधी करावी, आणि बोदेगा शांतपणे पाहायच्या असतील तर दुसरी तारीख निवडावी.

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. इथे सहज मिळणारी क्रिआन्सा आणण्यात ती जागा घालवू नका, तिथे स्वस्त आणि इथे दुर्मीळ अशी रेसेर्वा आणा. बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध, सामानात द्यायच्या बॅगेत ठेवा. घरी पोचल्यावर ती दोन-तीन आठवडे थंड जागी आडवी पडू द्या आणि उघडायच्या दोन दिवस आधी उभी करा. प्रवासात हललेला गाळ वाइनला गढूळ आणि कडवट करतो, तो बसायला एवढा वेळ लागतोच.